भाडे पायांनीही मोजावे लागते

(राजापेठेत भाडेकरू आणि कार्यकर्ते यांच्या बैठकीत केलेले भाषण)

आजचा विषय वरवर पाहता घरगुती आहे. ज्याच्याजवळ वाहन नाही, किंवा ज्याला वाहन चालवता येत नाही, त्याने शहरात भाड्याचे घर कोठे आणि कसे शोधावे? असल्या प्रश्नात कार्यकर्त्यांनी वेळ का घालवावा, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, माणूस आपल्या मिळकतीचा मोठा हिस्सा जेथे देतो आणि दिवसाचे दोन तास जेथे गमावतो, तेथे राजकारण नाही असे समजणे हेच भाबडेपणाचे आहे.

माझ्या भाचीची हकिकत सांगतो. ती परिचारिका आहे. नोकरी लागली तेव्हा तिने शहराच्या कडेला एका नव्या लेआऊटमध्ये चार हजार रुपये भाड्याची खोली घेतली. राजापेठेत तशीच खोली सहा हजारांना मिळत होती. महिन्याला दोन हजार वाचले, म्हणून घरातल्या सर्वांनी तिच्या व्यवहारबुद्धीचे कौतुक केले. त्यात मीही होतो. पुढे हिशेब उलगडला. ऑटोला जाताना चाळीस, येताना चाळीस. सव्वीस दिवसांचे दोन हजार ऐंशी रुपये झाले. म्हणजे दोन हजारांची बचत तिला दोन हजार ऐंशी रुपयांना पडली! शिवाय रोजचा एक तास वाया गेला तो निराळाच. पण खरी किंमत पैशांत नव्हती. दुपारची पाळी रात्री सुटे, तेव्हा लेआऊटच्या तोंडाशी ऑटो तिला उतरवून देई आणि पुढचा अर्धा मैल अंधार, रिकामे भूखंड आणि कुत्री यांच्यामधून तिला एकटीला तोडावा लागे. चार महिन्यांत तिच्या तोंडून नोकरी सोडण्याची भाषा निघू लागली. एका शिकलेल्या मुलीचे स्वावलंबन विझवायला रस्त्यावरचे चार बंद दिवे पुरेसे होतात, हे मला तेव्हा कळले.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, भाडे म्हणजे केवळ मालकाच्या हातात पडणारी रक्कम नव्हे. ती रक्कम, प्रवासाचा खर्च, गेलेला वेळ आणि वाटेवरची भीती या चौघांची बेरीज म्हणजे खरे भाडे होय. पायी चालणाऱ्याने ही बेरीज करूनच घर ठरवावे.

आता राजापेठेकडे पाहा. अमरावतीच्या मूळ वस्तीला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, पेंढाऱ्यांच्या भयाने, परकोट घालण्यात आला. जवाहर गेट, अंबागेट, खोलापुरी गेट, नागपुरी गेट ही नावे त्याचीच साक्ष देतात. परकोटाच्या आत आणि त्याच्या आसपास वाढलेल्या शहराचा एक मोठा गुण असा की, ते माणसाच्या पावलाच्या मापाने वाढले. येथून राजकमल चौक, अंबादेवीचे मंदिर आणि गांधी चौकाचा बाजार पायी गाठता येतो. बडनेऱ्याकडे जाणारे वाहन दारातून मिळते. किराणा, चक्की, औषधाचे दुकान आणि शाळा हाकेच्या अंतरावर आहेत. याच्या उलट नवी लेआऊटे मोटारसायकलच्या मापाने आखली गेली. तेथे भूखंड आहेत, पण दुकान नाही. रस्ता आहे, पण त्यावर माणूस नाही.

तथापि राजापेठेचे गोडवे गाण्यासाठी मी उभा नाही. बडनेरा-अमरावती रेल्वेमार्गाने हा भाग दुभंगलेला आहे. त्यावर उड्डाणपूल झाला, भुयारी मार्ग झाला आणि वाहनांची सोय झाली. पण हातात पिशवी घेतलेली म्हातारी तो चढ कसा चढेल, असा प्रश्न आराखडा काढताना अग्रभागी नव्हता. केंद्र सरकारच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणाने स्पष्ट म्हटले होते की, नियोजन वाहनांच्या नव्हे, माणसांच्या हालचालीचे व्हावे. रस्तेविषयक मानके सांगतात की, पदपथावर किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट, मोकळी वाट असावी आणि त्याची उंची सहा इंचांहून अधिक नसावी. घर पाहायला जाताना मोजपट्टी नेण्याची गरज नाही. दोन माणसे बोलत बोलत जोडीने चालू शकतात की एकाला गटारावर उतरावे लागते, एवढे पाहिले तरी पुरे.

घर पाहण्याची रीत आपण बदलली पाहिजे. आपण रविवारी सकाळी जातो, खोली पाहतो, नळ सोडून पाहतो आणि विसार देऊन येतो. माझे सांगणे असे की, खोली एकदा पाहा, पण रस्ता चार वेळा पाहा. पहाटे पाण्याच्या वेळी पाहा, मे महिन्याच्या दुपारी, वऱ्हाडच्या त्या उन्हात वाटेवर एखादे झाड सावली देते का ते पाहा, दिवेलागणीला पाहा, आणि रात्री दहानंतर अवश्य पाहा. पावसाळ्यात एक फेरी झाली तर फारच उत्तम, कारण नाल्यावरचे उघडे झाकण कोरड्या दिवसांत दिसते आणि पाण्याखाली दिसेनासे होते. कामाच्या ठिकाणापर्यंत स्वतःच्या पायांनी चालून जा आणि मोठे रस्ते कितीदा ओलांडावे लागतात ते मोजा. शहर बस किती वेळाने येते हे कोणाला विचारू नका; थांब्यावर उभे राहून पाहा.

आणि रात्री कोण जागे असते ते पाहा. जेन जेकब्स या विदुषीने १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या वस्त्यांचा अभ्यास करून असे प्रतिपादन केले की, रस्त्याची सुरक्षितता पोलिसांपेक्षाही त्यावर सहज पडणाऱ्या लोकांच्या नजरेने टिकते. आपल्या आयाबायांना ओट्यावर बसून हे केव्हाच ठाऊक होते. कोपऱ्यावरचा पानठेला, उशिरापर्यंत चालणारे औषधाचे दुकान, रस्त्याकडे उघडणारी खिडकी ही सुरक्षिततेची खरी साधने आहेत. ज्या बायका तेथे राहतात त्यांनाच विचारा: रात्री पायी येता का? त्यांचे उत्तर घरमालकाच्या आश्वासनापेक्षा अधिक मोलाचे असते.

पण मित्रहो, ‘सुरक्षित वस्ती’ हा शब्द दुधारी आहे, हे विसरू नका. नोव्हेंबर २०२१ मध्ये या शहराने दंगल आणि संचारबंदी पाहिली. अशा दिवसांनंतर पुष्कळ जण सुरक्षित म्हणजे ‘आपल्या लोकांची’ वस्ती असा अर्थ करू लागतात. भाचीसाठी खोली शोधताना एका घरमालकाने भाडे सांगण्याआधी आडनाव विचारले. आडनाव कळल्यावर, ‘आम्ही कुटुंबालाच देतो,’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दाराशी आडनाव चालले, पण मुलगी एकटी राहणार हे चालले नाही. ज्या नगरीत १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह उभा राहिला, त्या नगरीत आज मंदिराचे दार उघडे आणि भाड्याच्या खोलीचे दार बंद, अशी अवस्था असेल तर तो लढा संपला असे कसे म्हणावे? जी वस्ती निम्म्या माणसांना दारातूनच परत पाठवते, ती सुरक्षित नव्हे, भयभीत होय.

कायद्याचेही थोडे सांगतो. विदर्भातला जुना, मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळचा भाडेकायदा रद्द होऊन त्याजागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. वीज, पाणी, जिन्यातला दिवा मालकाला मनमानीने तोडता येत नाही. भाड्याची पावती हा मालकाचा उपकार नव्हे, तुमचा हक्क आहे.

तरीही प्रत्येकाने शहाणपणाने घर निवडले म्हणजे प्रश्न सुटला, असे मी म्हणणार नाही. चालण्याजोग्या वस्त्या थोड्या असतील तर त्यांचे भाडे चढेल, ज्यांना ते परवडेल ते तेथे राहतील, आणि ज्याला पायांखेरीज दुसरे साधनच नाही तोच सर्वांत वाईट रस्त्याच्या टोकाला ढकलला जाईल. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते-अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२ हजार ८२५ पादचारी होती. हे आकडे सरकारी आहेत. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्याचा पदपथावरील हक्क घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. हक्क कागदावर आला आहे. तो रस्त्यावर आणणे आपले काम आहे. मात्र त्या नावाखाली भाजीवाली हटवली जाणार नाही, याचीही राखण केली पाहिजे. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने तिला संरक्षण दिले आहे, आणि रात्री रस्ता जागता ठेवणाऱ्यांत तीही एक आहे.

म्हणून एक छोटे काम सुचवतो. प्रत्येक प्रभागात चार कार्यकर्त्यांनी, त्यांत निदान दोन स्त्रिया असाव्यात, रात्री नऊ वाजता पायी फेरी काढावी. बंद दिवे, उघडी गटारे आणि अडलेले पदपथ वहीत नोंदवावेत. यादी महापालिकेला द्यावी आणि तिची पोच घ्यावी. महिन्याने त्याच वाटेने पुन्हा चालावे. मोर्च्यापेक्षा हे काम लहान दिसते, पण मोर्चाही शेवटी चालूनच काढावा लागतो.

माझी भाची आता राजापेठेत एका चक्कीच्या वरच्या खोलीत राहते. सकाळी सातपासून जमीन थरथरते आणि कपड्यांवर पीठ बसते, अशी तिची तक्रार आहे. नोकरी सोडण्याचे मात्र तिने पुन्हा नाव काढलेले नाही.