दहा वर्षांचे तक्ते

जपानांत डिसेंबरअखेर नाकायामा येथें अरिमा किनेन ही २५०० मीटरांची घोड्यांची शर्यत होते. १९५६ सालीं ती सुरू झाली. तींतील बहुतेक घोडे लोकांच्याच मतांनीं निवडले जातात. त्यामुळें लोभाबरोबर मायाहि पणाला लागते.

तोकियोंत नोकरीस असलेल्या माझ्या पुतण्यानें मागील दहा शर्यतींचे तक्ते मांडून विचारलें, "काका, अमुक वयाचा घोडाच जिंकतो. महिन्याचा पगार लावूं का?"

मीं लिहिलें : दहा वर्षें म्हणजे अवघे दहा दाखले. रकाने वाढवीत गेलास तर कोणता ना कोणता नियम सांपडणारच! शिवाय ‘विन’च्या तिकिटांच्या जमेंतून शेंकडा २० आधींच कापले जातात, उरलेल्यांतून जिंकणाऱ्यांना वांटा मिळतो. घोडा जितका लोकप्रिय, तितका वांटा लहान. (असला व्यवहार अंकगणितांत घातला असता, तर माझे विद्यार्थी हंसले असते.) १९९० सालीं ओगुरी कॅप आधींच्या शर्यतींत अकरावा आला होता, पसंतींत चौथा होता, तरी १,७७,७७९ प्रेक्षकांदेखत तोच जिंकला. तुझ्या तक्त्यानें त्यास केव्हांच बाद केलें असतें.

उत्तर आलें, "शंभर येनांचें एकच तिकीट घेतों."

मीं हरकत घेतली नाहीं. उरलेल्या पगारांतून वहिनींना मनिऑर्डर करण्यास मात्र बजावलें.