पंचवीस किलोमीटरचे कुंपण

तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला गेला नाही, तर त्याचे वजन आणि त्यातली साखर दोन्ही घटू लागतात. कांद्यासारखा तो चाळीत भरून भावाची वाट पाहता येत नाही. म्हणून साखरेचा बाजार देशभर असला, तरी उसाचा बाजार ट्रॅक्टर वेळेत पोहोचेल तेवढाच असतो. महाराष्ट्रात हंगामाला सुमारे 200 कारखाने गाळप करतात आणि साखर विकताना ते एकमेकांचे स्पर्धक असतात. बांधावरून पाहिले, तर मात्र गिऱ्हाईक एक किंवा फार तर दोन. विकणारे असंख्य आणि घेणारा एकच, या अवस्थेची शास्त्रशुद्ध मांडणी जोन रॉबिन्सन यांनी 1933 मध्ये केली.

नवा खरेदीदार का येत नाही, हा पुढचा प्रश्न. जो बेन यांनी 1956 मध्ये प्रवेशातील अडथळ्यांचा विचार मांडला, तो साखर धंद्याला नेमका लागू पडतो. कोट्यवधींची यंत्रे वर्षातले चार-पाच महिनेच चालतात, आणि हंगामाआधीच तोडणी टोळ्यांच्या मुकादमांना उचल द्यावी लागते. तरीही सर्वांत भक्कम अडथळा कायद्याने घातलेला आहे. 1998 मध्ये साखर उद्योगाची परवाना पद्धत संपली. पण 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 2006 मध्ये दुरुस्ती होऊन दोन कारखान्यांत किमान 15 किलोमीटर हवाई अंतर आणि नव्या कारखान्यासाठी एक कोटी रुपयांची हमी आवश्यक ठरली. महाराष्ट्राने हे अंतर 25 किलोमीटर केले. दहा किलोमीटरची ही वाढ दिसते त्याहून मोठी आहे: अंतर पावणेदोन पटींहूनही कमी वाढते, पण प्रत्येक कारखान्याच्या वाट्याला येणारे क्षेत्र जवळजवळ पावणेतीन पट होते.

या नियमामागचे कारण खोटे नव्हते. शेजारी-शेजारी कारखाने झाले, तर उसाची पळवापळवी होते, गाळपाचे दिवस घटतात आणि दोन्ही तोट्यात जातात. शिवाय हे संरक्षण ज्यांना मिळाले, ते कारखाने बव्हंशी शेतकऱ्यांचेच होते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला उभा केलेला सहकारी कारखाना हेच मुळी खरेदीदाराच्या सत्तेला दिलेले उत्तर होते. ऊस घालणारा सभासद वार्षिक सभेत उठून दराचा जाब विचारू शकत होता. पुढे अनेक आजारी सहकारी कारखाने विकले गेले किंवा भाड्याने चालवायला दिले गेले. तिथे सभासदाचे मत गेले, अंतराचे कुंपण तसेच राहिले. अन्याय इथे आहे.

दराला खालून टेकू आहे. केंद्राने 2025-26 साठी 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, ठरवली. चौदा दिवसांत पैसे न दिल्यास 15 टक्के व्याजाची तरतूद आहे. पण दर बांधला गेला, की सत्ता दुसऱ्या वाटांनी काम करते. नोंद वेळेवर असूनही तोडणीची चिठ्ठी येत नाही. जानेवारी सरतो, उसाला तुरा येतो, वजन हलके होते. टोळी आली, की खुशाली मागितली जाते आणि वाहन भरले, की चालकाला ‘एंट्री’चे पैसे. पुढे काटा कारखान्याचा, उताऱ्याची प्रयोगशाळा कारखान्याची, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्याच बिलातून वजा. यातली कुठलीही गोष्ट दुसरा खरेदीदार हाकेच्या अंतरावर असता, तर इतकी सहज खपली नसती.

कोल्हापूर-सांगली पट्ट्यात याचा पडताळा मिळतो. तिथे कारखाने दाट आहेत, गुऱ्हाळांचा पर्याय जुना आहे आणि जयसिंगपूरला भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या ऊस परिषदेतून मागणी संघटितपणे पुढे येते. एफआरपीच्या वरच्या दराचा आग्रह तिथेच टिकून राहिला. जमीन आणि उतारा चांगला, हेही त्याचे कारण आहे. पण तेवढेच नव्हे.

साखर उद्योगाविषयीच्या रंगराजन समितीने 2012 मध्ये अंतराची अट आणि कारखान्यांसाठीचे राखीव ऊसक्षेत्र दोन्ही काढण्याची शिफारस केली होती. अट एका फटक्यात काढली, तर दुबळे सहकारी कारखाने आधी बुडतील, ही भीती रास्त आहे. म्हणून अंतर टप्प्याटप्प्याने घटवणे, आणि तोवर काटा व उताऱ्याची तपासणी कारखान्याच्या हातून काढून त्रयस्थ यंत्रणेकडे देणे, हा क्रम योग्य ठरतो. त्यातले दुसरे काम येत्या हंगामातही सुरू करता येण्यासारखे आहे.