विझलेलीं तारकाविश्वें



ज्यांच्याविषयीं आज बोलणार आहें तीं तारकाविश्वें विश्वाच्या बाल्यांत पेटलीं आणि बाल्यांतच विझलीं. विश्वाचें वय आज सुमारें १३८० कोटि वर्षें. २०२१ च्या डिसेंबरांत जेम्स वेब ही दुर्बीण अवकाशांत गेली. तिच्या साहाय्यानें एडिंबरो येथील ॲडम कार्नल व त्यांचे सहकारी यांनीं ‘जीएस–९२०९’ या तारकाविश्वाच्या प्रकाशाचें पृथक्करण केलें. निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. हा प्रकाश तेथून निघाला तेव्हां विश्व अवघें १२५ कोटि वर्षांचें होतें. पण तें ८० कोटि वर्षांचें असतांनाच तेथें नवे तारे जन्मणें थांबलें होतें.

हें कळतें कसें? निळे, प्रखर तारे अल्पायुषी. त्यांचा ग्रंथ लवकर आटोपतो आणि तांबूस तारे मागें उरतात. ज्या वस्तींत पाळणा हलत नाहीं तेथें प्रौढ माणसेंच दिसावींत, तसेंच हें.

या विश्वांतील ताऱ्यांचें द्रव्य सुमारें ४००० कोटि सूर्यांइतकें, आणि तें घडलें २० कोटि वर्षांत. भागाकार करून पाहा (मास्तरकीची खोड जात नाहीं!): दरसाल २०० सूर्य. आपल्या आकाशगंगेंत आज वर्षाकाठीं एकदोन सूर्यांइतकेच तारे घडतात.

मग एवढी धग एकाएकीं कां थांबावी? वायु थंड झाला म्हणजेच स्वतःच्या भारानें आकसून त्याचा तारा होतो. तापलेला वायु फुगून राहतो. संशय आहे तो मध्यभागींच्या कृष्णविवरावर. येथील कृष्णविवर सुमारें ५० कोटि सूर्यांइतकें भारी आहे. त्यांत पडणारें द्रव्य पडतां पडतां अतोनात तापतें, आणि त्या तेजाच्या माऱ्यानें भोंवतालचा वायु तापतो किंवा पार उधळला जातो.

हा केवळ तर्क राहिलेला नाहीं. २०२४ सालीं केंब्रिजच्या संशोधकांनीं ‘जीएस–१०५७८’ या याहून मोठ्या विश्वांतून थंड वायु सेकंदास सुमारें १००० किलोमीटर वेगानें बाहेर पडतांना टिपला. तो स्वतः चमकत नाहीं. मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवतो, म्हणून सांपडला. तारे घडण्यांत खर्च होई त्याहून अधिक वायु असा निघून जात होता.

माझ्या मतें खरी अडचण पुढेंच आहे. गणितानें रचलेल्या नमुन्यांत इतक्या लवकर विझलेलीं इतकीं विश्वें निघत नाहींत. आणि त्यानंतर तर विश्व केवळ ७० कोटि वर्षांचें असतांनाच विझलेलें एक सांपडलें आहे. तेथें कृष्णविवरास एवढें पोसण्यास वेळ तरी केव्हां मिळाला, याचा उलगडा अद्यापि व्हावयाचा आहे.