गाडीत बदल केलाय? विमा कंपनीला कळवा

मुरगूड–कोल्हापूर रोजची ये-जा, म्हणून मोटारीला सीएनजी किट बसवलंत? मग नोंद दोन ठिकाणी हवी: आरटीओकडे आरसी बुकावर आणि विमा कंपनीकडे पॉलिसीवर. पूर्वीच्या मोटार दरपत्रकात किटच्या किमतीवर ४ टक्के जादा हप्ता होता; म्हणजे ६०,००० रुपयांच्या किटला वर्षाला २,४०० रुपये. आता हा दर कंपनी ठरवते, तेव्हा आधी विचारून घ्या. सगळेच बदल हप्ता वाढवत नाहीत. पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहन-संशोधन संस्थेची मान्यता असलेलं चोरीरोधक यंत्र बसवलं, तर थोडी सूट मिळू शकते. बदल लपवला, तर अपघातानंतर दावा अडकू शकतो. एजंटाला नुसतं तोंडी सांगू नका. कंपनीकडून लेखी एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीवरच्या बदलाची नोंद, घ्या आणि ती आरसीसोबत जपून ठेवा.