नेटवर्क गेलं तर?

माझं गाव एटापल्ली. आलापल्लीचं जंगल मागं टाकलं की पुढं लागतं ते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सहामाहीत, २०२३ च्या जानेवारीत, पुण्याजवळ हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीत मी इंटर्न म्हणून रुजू झालो. इंटर्न म्हणजे शिकाऊ उमेदवार.

पहिला आठवडा परवानग्यांची वाट पाहण्यात गेला. गळ्यात ओळखपत्र, पुढ्यात लॅपटॉप. पण प्रकल्पाचा कोड काही उघडेना. तिथं वरिष्ठांनाही नुसत्या नावानं हाक मारायची पद्धत. माझ्या तोंडून 'सर' जायला महिना लागला.

मग काम मिळालं. गावोगाव फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांनी मोबाइलवर भरायचा एक फॉर्म होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या हजारो ओळी वाचायच्या आणि त्यात आपल्या ४० ओळी बसवायच्या. त्या वरिष्ठ तपासतात. माझ्या ४० ओळींवर १७ शेरे आले! रात्री बाबांचा फोन आला, "जेवला का गा?" मी नुसतं "हो" म्हटलं.

बैठकीत मी गप्पच असे. विचारलं तर अडाणी ठरू, ही भीती. पण त्या फॉर्मची चर्चा निघाली, तेव्हा मला आमचा पावसाळा आठवला. २०१९ मध्ये पर्लकोटेच्या पुरानं शेजारच्या भामरागडचा संपर्क वारंवार तुटला होता. आमच्याकडेही वीज गेली की मागोमाग फोन मुका होतो. धीर करून विचारलं, "फॉर्म भरताना नेटवर्क गेलं तर?"

"करून दाखव," वरिष्ठ म्हणाले. मी फोनचं नेटवर्क बंद करून 'पाठवा' दाबलं. भरलेली सगळी माहिती पुसली गेली. ऑफिसातलं वायफाय कधी जातच नसे. मग हे कुणाच्या लक्षात येणार?

दुरुस्तीला तीन आठवडे लागले. माहिती आधी फोनमध्येच साठवायची, नेटवर्क आलं की पाठवायची. तीच नोंद दोनदा पोचू नये म्हणून प्रत्येक नोंदीला वेगळा क्रमांक द्यायचा. शेरे याही वेळी आले, पण आता मी प्रत्येकाचं कारण विचारत होतो.

शिकाऊ माणसाला सगळं येत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. म्हणून विचारायची मोकळीक त्यालाच जास्त. माझ्या तालुक्यातून निघणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगतो : इंग्रजी अडखळलं तरी चालेल, प्रश्न मात्र गिळू नका. तिथल्या कुणी न पाहिलेलं काहीतरी तुम्ही पाहिलेलं असतं.