सायलेन्सर बदलण्याआधी हत्यारं निवडा



बैठकीत आपण हप्ते, कर्ज, पापड-मसाल्याच्या ऑर्डरी यांबद्दल बोलतो. आज मात्र आम्ही पान्यांबद्दल बोलणार आहोत. हल्ली बऱ्याच गटांकडे छोटा टेम्पो असतो, आणि त्याचा सायलेन्सर गंजतोच.

गेल्या पावसाळ्यात आमच्या टेम्पोचा सायलेन्सर जोडाजवळ फुटला. केबिनमध्ये बसणाऱ्या दोघींचं डोकं दुखायला लागलं. खाली उतरून मोकळ्या हवेत आलं की त्यांना बरं वाटायचं. आम्ही गाडी लगेच उभी केली. फुटक्या पाइपातून कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, आणि जास्त झाला तर जीवही जातो. म्हणून सायलेन्सर फुटला की ‘नुसता आवाज तर येतोय’ म्हणून गाडी चालवू नका.

आमच्या गाडीचा सायलेन्सर बोल्टवर बसणारा होता. नवा त्याच मापाचा आणला आणि आम्हीच बसवला. त्यासाठी हत्यारं कशी निवडली, ते सांगतो.

पहिली खरेदी पान्याची नाही, स्टँडची. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. जॅक सरकला तर खालचं माणूस वाचत नाही. विटांवरही गाडी ठेवू नका, वजनाखाली वीट अचानक फुटते. लोखंडी स्टँडची जोडी घ्या. त्यावर किती टन पेलतो ते लिहिलेलं असतं, ते आपल्या गाडीच्या वजनाशी ताडून बघा. जमीन सपाट आणि टणक हवी. हँडब्रेक ओढून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा.

मग पाने. दुकानात चाळीस-पन्नास नगांची चकचकीत पेटी पुढे करतात. ती घेण्याआधी गाडीखाली बॅटरी मारून किती बोल्ट आहेत, त्यांची डोकी कोणत्या मापाची आहेत, ते वहीत लिहा. इथे एक घोळ होतो. ‘८ चा बोल्ट’ म्हणजे आट्यांची जाडी ८ मिलिमीटर. त्याच्या डोक्याला पाना १२ किंवा १३ चा लागतो. १० च्या बोल्टला बहुधा १४, १६ किंवा १७ चा. म्हणून पाना डोक्याच्या मापानं मागा. आपल्याला लागतील तेवढेच चार-पाच पाने घ्या, पण चांगल्या पोलादाचे घ्या.

गंजलेल्या बोल्टला फिक्स पाना लावू नका. तो दोनच बाजूंनी धरतो आणि डोकं गोल करून टाकतो. रिंग पाना किंवा गोटी घ्या. गोटी म्हणजे बोल्टवर टोपीसारखी बसते ती. तीही सहा कोनी मागा. बारा कोनी गोटी कोपऱ्यांवर जोर देते आणि गंजलेल्या डोक्यावरून सुटते. घट्ट बोल्टसाठी लांब दांडा वेगळा घ्या. दांडा लांब असला की कमी ताकदीत काम होतं. लहान रॅचेटला पाइप घालून ओढलं तर आतले दाते तुटतात.

आदल्या दिवशी, इंजिन पूर्ण थंड असताना, बोल्ट तारेच्या ब्रशनं घासून गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर ठेवा. तापलेल्या पाइपावर तेल मारलं तर पेट घेऊ शकतं. खाली झोपून काम करताना गंजाचा चुरा थेट डोळ्यात पडतो. म्हणून चष्मा हवाच, जाड हातमोजेही. पदर आणि ओढणी नीट खोचून घ्या.

सायलेन्सर लटकतो त्या रबरांना साबणाचं पाणी लावलं की ती सहज सरकतात. तेल लावू नका, रबर खराब होतं. जोडातलं पॅकिंग नवंच घाला. सगळे बोल्ट आधी हातानं लावा, पाइप सरळ करा, मग इंजिनकडून मागे घट्ट करत या. शेवटी गाडी उघड्यावर सुरू करा आणि पाइप तापायच्या आत जोडांवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तर तिथून गळती आहे.

एवढं सगळं आपण करू शकतो. पण वेल्डिंग लागणार असेल, बोल्ट आतच तुटला असेल, किंवा २०२० नंतरची गाडी असून पाइपात सेन्सर असेल, तर ते काम गॅरेजला द्या.

घरातली पोरं म्हणतील, ‘स्पोर्ट्स कारसारखा दणदणीत सायलेन्सर लावू.’ त्यांना सांगा, आवाजाची आणि धुराची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तेवढ्यात गटाची अख्खी हत्यारपेटी येईल.

ती पेटी गटाच्या नावावर घ्या. प्रत्येक पाना वहीत चढवा, कोणी नेला आणि कधी आणला ते लिहा. आणि पुढच्या बैठकीत ती पेटी मधोमध उघडून ठेवा. प्रत्येकीनं पाना हातात धरून बघू द्या.