कामगारकपातीचा नवा कायदा व आपली कुटुंबे



कामगारकपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन १९७६ साली तीनशे कामगारांच्या कारखान्यांवर आले. १९८२ च्या दुरुस्तीने ते शंभरांवर आणले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा पुनश्च तीनशेंवर नेली असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे.

बंधन सैल झाले की कारखानदार निर्धास्तपणे माणसे घेतील, हा यामागील तर्क. तो सर्वस्वी पोकळ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ठेकेदाराकरवी माणसे घेण्याची चाल जुन्या कायद्याच्या छायेतच फोफावली. शिवाय १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, तेव्हा त्या परवानगीने किती चुली पेटत्या ठेविल्या? गिरणगावातील घरांस हे सांगावयास नकोच!

आमचा आक्षेप निराळा आहे. काढणे सोपे झाले; काढलेल्यास सावरणारा हात मात्र दुबळाच राहिला. वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, हे १९५३ चेच माप नव्या संहितेतही मूळ धरले आहे. दहा वर्षे राबलेल्या गृहस्थास पाच महिन्यांचा पगार! पुनर्प्रशिक्षणासाठी आणखी पंधरा दिवसांचे वेतन मिळावयाचे, इतकेच. तेवढ्यात चाळिशीतल्या माणसाने नवा धंदा कोठून शिकावा?

मुदतीच्या नेमणुकीवरील तरुणांस आता एका वर्षानंतर उपदानाचा हक्क आहे. त्यांनी आपले नेमणूकपत्र जपून ठेवावे.